नांदेडचे छोटे विमान आणि आपला व्यापार

27 एप्रिल 2017 रोजी नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले, तेव्हा उमरीच्या बाजारातही त्याची चर्चा होती. कंपनी हैदराबादची, ट्रुजेट. विमान एटीआर-72, पंख्याचे, सुमारे सत्तर आसनांचे. ‘उडान’ योजनेत निम्म्या जागा स्वस्तात, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला सुमारे 2500 रुपयांत द्यायच्या, आणि येणारी तूट सरकारने भरून द्यायची. पण तीनच वर्षे! ही मुदत आपण कोणी नीट वाचली नाही.

विमानाचा हिशेब दुकानासारखाच, फरक एकच. आज न विकलेला ताका उद्या विकता येतो. विमान उडाले की रिकामी खुर्ची कायमची बुडाली. इंधन, पगार, विमानाचे भाडे मात्र पूर्ण द्यावेच लागते. मालदीवसारख्या बेटांच्या देशात विमानाला स्पर्धा फक्त बोटीची. इथे समोर रेल्वे आहे. शिवाय उमरीच्या माणसाने हैदराबादला विमानाने जायचे तर आधी उलटे नांदेडला जावे लागते. त्यापेक्षा तो आपल्याच स्टेशनवर गाडीत बसतो.

2020 साली कोरोना आला, फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रुजेटची उड्डाणे थांबली. 2024 मध्ये स्टार एअर नांदेडला आली. हजूरसाहिबच्या यात्रेकरूंमुळे नांदेडला बारमाही प्रवासी आहेत, हे मोठे बळ.

मुंबईच्या खरेदीत विमानाने एक रात्र वाचते, हे खरे. मात्र पार्टीला दिलेली पेमेंटची तारीख त्याच्या वेळापत्रकावर बांधू नये. मी एकदा तसा गेलो, मुळजी जेठा मार्केटात माल पसंत केला. गठ्ठे ट्रान्सपोर्टनेच आले.