दात जुळले, पण अक्कल?

शनिवारी कधी काष्टीला गेला आहात का? श्रीगोंदे तालुक्यातल्या या गावात त्या दिवशी जनावरांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक बैलाची शिंगं बघतं, खांदा चाचपतं, चार पावलं चालवून बघतं आणि मग हळूच त्याचा खालचा ओठ ओढतं. कशाला म्हणाल? जन्मदाखला वाचायला!

गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली असतात आठ. ते सगळे दुधाचे असतील तर जनावर 'आदत'. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन पडून तिथे पक्के येतात, ते 'दोनदाती'. पुढे 'चारदाती', 'सहादाती', आणि साधारण चार-साडेचार वर्षांचा होऊन आठही पक्के दात आले की बैल 'जुळला'. इंग्रज शेतकरी अशाच जनावराला 'फुल माउथ' म्हणतो, म्हणजे भरल्या तोंडाचं. दात ओळखता आले नाहीत तर फसगत ठरलेली. कोवळ्या खोंडाला जड औताला जुंपत नाहीत, आणि म्हाताऱ्या बैलाला तरण्याचे पैसे कोण देईल?

अशा पूर्ण वाढ झालेल्या जनावराला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, आणि तो तुमच्या चांगला ओळखीचा आहे. "एवढा मोठा झालास, आता तरी जरा मॅच्युअर हो!" ऐकलंय ना?

हा शब्द आला लॅटिनमधून. मूळ अर्थ पिकलेला, वेळेवर तयार झालेला. आपला 'पक्व' त्याचा जवळचा सोबती. पण आपल्या शब्दाला चुलीचा वास आहे, कारण संस्कृतात शिजलेलंही पक्वच. पक्वान्न आठवा! आता आंब्याची गंमत बघा. पाडाला आलेला आंबा हिरवा असला तरी 'मॅच्युअर'. अढीत पिवळा होऊन पिकला की मग तो 'राइप'. तयार होणं वेगळं, पिकणं वेगळं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ 'प्रीमॅच्युअर', हे तर घरात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेलच.

एक चूक मात्र मोठी माणसंही करतात, बरं का. "तो फार मॅच्युअर्ड मुलगा आहे" असं म्हणतात. समजूतदार मुलगा नुसता 'मॅच्युअर'. विम्याची मुदत पुरी झाली की पॉलिसी 'मॅच्युअर्ड'. मुलाला पॉलिसी करू नका! उच्चारही इंग्रजीत 'मच्युअर'च्या जवळ जातो, जोर 'च्यु'वर. पण मराठी बोलताना 'मॅच्युअर' आता इतका रुळलाय, की चालू द्या.

पालकांनो, खरी अडचण पुढेच आहे. या एकाच शब्दात शरीराची वाढही बसते आणि समजही. मुलगी आईच्या खांद्याला लागली, मुलाला मिसरूड फुटलं, की आपण धरून चालतो की आतलंही सगळं तयार झालं. बाजारात हे चालतं, कारण बैलाकडून आपल्याला खांदाच हवा असतो. माणसाचं तसं नाही. उंची वाढते वयात येताना भराभर, पण विचार करून थांबायला शिकवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. 'उंच झाली' म्हणून मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू करणारी घरं अजून आहेत. कायद्याला मात्र दात मोजता येत नाहीत, म्हणून तो तारीख बघतो. लग्नासाठी मुलीला 18 वर्षं पुरी हवीत, मुलाला 21. अठराव्याला माणूस सज्ञान होतो, पण त्याला इंग्रजीत 'मेजर' म्हणतात, 'मॅच्युअर' नव्हे!

आपल्यालाही एक शेवटचा दात येतोच की. साधारण सतरा ते पंचविशीच्या दरम्यान. नाव काय, तर अक्कलदाढ. काहींना ती कधीच येत नाही. (आजोबांना विचारून बघा, पण जरा जपून.)

आणि काष्टीला गेलात तर मालकाला विचारून लांबूनच दात मोजा. तोंडात बोट घालू नका. पुढे वरचे दात नसले तरी मागे दाढा असतात, वरही आणि खालीही.