राजा जागा आहे

देवाला कोणी आई म्हणते, कोणी राजा. आज देवाला राजा म्हणणाऱ्यांविषयी.

मला ही हाक बरीच वर्षे जड जायची. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, आठवणी अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतात. मालगुजाराच्या वाड्यासमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, नजर खाली ठेवायची. माणसाला असे वाकवणाऱ्या अधिकाराचे नाव देवाला कशासाठी द्यायचे?

उत्तर मला एका पुरात दिसले. २०२०च्या ऑगस्ट अखेरीस गोसेखुर्द धरणाची दारे उघडली आणि वैनगंगा पात्राबाहेर आली. आरमोरीहून ब्रह्मपुरीकडे जाणारा रस्ता बंद झाला. नुकत्याच रोवलेल्या बांध्या, धुरे, पायवाटा, सगळे एकच पाणी झाले. त्या पुराने अनेकांचे धान नेले, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या पाण्यासमोर उभे राहताना एक गोष्ट अंगात शिरली: मी फार लहान आहे, आणि समोर जे आहे ते माझ्या मर्जीवर चालत नाही. भीती होतीच. तिच्या पलीकडेही काहीतरी होते. त्याला मी धाक म्हणेन, ज्यात मान आपोआप झुकते आणि झुकल्याची लाज वाटत नाही. जुन्या लोकांनी देवाला राजा म्हटले ते बहुधा इथूनच.

पंढरपुरात हे राजेपण रोजच्या नेमात दिसते. पहाटे काकडआरतीने विठ्ठलाला जागवायचे, स्नान घालायचे, पोशाख चढवायचा, रात्री शेजारतीनंतर निजवायचे. या राजोपचारांसाठी सेवाधारी घराणी ठरलेली होती: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. परिचारकांनी स्नानाचे पाणी आणायचे, डिंगऱ्यांनी आरसा दाखवायचा, दिवट्यांनी दिवटी धरायची, डांग्यांनी दंड घेऊन उभे राहायचे. राजवाड्याचा सगळा थाट. १९७३च्या कायद्याने वंशपरंपरेचे हक्क संपवले आणि २०१४मध्ये देवाची सेवा मंदिर समितीच्या हाती आली, तरी नित्योपचार चालू राहिले.

या थाटातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र आषाढीच्या आधी घडते. देवाचा पलंग काढला जातो. शेजघरातली शेज उचलतात, विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड आणि रुक्मिणीमातेला तक्क्या देतात, आणि दर्शन चोवीस तास सुरू होते. गर्दी ओसरून प्रक्षाळपूजा होईपर्यंत देव निजत नाही. प्रक्षाळपूजेला गरम पाण्याने स्नान घालून त्याचा शीण उतरवतात, रात्री काढा देतात. प्रजा उन्हापावसात चालत आली म्हणून राजाने झोप सोडायची! वाड्यावरच्या राजाची कल्पना इथे उलटी होते.

थाट तोच, पण कोणासाठी, हा प्रश्न पालखीतही आहे. शिंद्यांच्या दरबारात वावरलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. चोपदार आले, तंबू आले, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आले. त्यातल्या एका घोड्यावर कोणी बसत नाही. तो माउलींचा. दरबारी माणसाने आयुष्यभर शिकलेला सारा रिवाज रिकाम्या खोगिरापुढे ठेवला.

आपल्यावरही एक राजा आहे, हे खरे राजेही ओळखत. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मांनी १७५०मध्ये राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केले आणि स्वतःला त्यांचा दास म्हणवून कारभार केला. पुरीचा गजपती राजा रथयात्रेत सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचा रथ झाडतो.

अशा वाकण्यातूनच बळ येते, असे माझे मत आहे. सिंहासन एकाचेच असेल तर बाकी सगळे आपल्यासारखेच, मग तो मालगुजार असो, सावकार असो की साहेब. एका ठिकाणी मनापासून वाकलेल्या माणसाला इतरत्र वाकण्याची गरज उरत नाही. हे बळ वाघाला थांबवत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाया देवाचे नाव घेऊन निघतात, आणि सगळ्याच परत येतात असे नाही. देव राजा आहे म्हणून संकट येणार नाही, असा करार कोणी केलेला नाही. संकटात आपण बेवारस नाही, एवढाच त्याचा अर्थ.

द्वारपालांनी मात्र या राजाचा दरबार शतकानुशतके अडवून धरला. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. ज्याच्यासाठी राजा जागा, त्यालाच आत मज्जाव. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांसाठी उघडले. देवाला राजा म्हणणाऱ्याने जातीचा पहारा मानणे म्हणजे राजाचा हुकूम मोडून चोपदाराचा पाळणे होय.

आषाढीला आमच्याकडे रोवणीची लगबग असते, पंढरी अनेकांना जमत नाही. म्हणून कार्तिक लागला की आपल्या गावातल्या काकड्याला पहाटे जाऊन बसा. थंडी असेल, माणसे थोडी असतील. दाराशी कोणी संकोचून उभा दिसला, तर त्याला हाताला धरून आत घ्या आणि आपल्या शेजारी बसवा.