सौरपंपाची पेटी ‘तापली’ म्हणते तेव्हा



२०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली आणि आपल्या भागातही सौरपंप दिसू लागले. एप्रिल-मे महिन्यात सुरू उसाला पाण्याची निकड असते, आणि नेमका त्याच वेळी एखाद्याचा कंट्रोलर तापमानाचा दोष दाखवून पंप बंद पाडतो. मग कोणी पेटीवर पाणी मारतो, कोणी सेन्सरची वायर तोडून जोड देतो. हे दोन्ही उपाय घातक आहेत. आधी एवढेच ठरवावे, की पेटी खरोखर तापली आहे, की सेन्सर खोटे सांगतो आहे.

पॅनेलची डीसी वीज पंपाला चालणाऱ्या एसी विजेत बदलणे हे या पेटीचे काम. ते करताना आतले भाग तापतात. त्यांच्याजवळ मोहरीएवढा सेन्सर असतो. उष्णता वाढली की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो. नेहमीच्या एका प्रकारात तो २५ अंशांना १०,००० ओहम, तर ५० अंशांना साधारण ३,६०० ओहम असतो. त्यावरून पेटी तापमान ओळखते. म्हणून सेन्सरची वायर तुटली तर पेटीला अतिथंड वाटते आणि वायरी एकमेकींना चिकटल्या तर अतिगरम वाटते.

पारख सोपी आहे. सकाळी पेटी नुकतीच चालू झाली की पडद्यावरचे तापमान पाहावे. ते हवेच्या आसपास असले तर सेन्सर बहुधा ठीक आहे. गार पेटी ९० अंश किंवा शून्याखाली दाखवू लागली, तर दोष सेन्सरचा किंवा वायरीचा समजावा. सकाळी बरोबर आणि दुपारी बंद, असे होत असेल तर उष्णता खरी आहे. अशा वेळी पेटीवर सावली करावी, मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतली धूळ कोरड्या ब्रशने काढावी, पंखा असल्यास तो फिरतो का पाहावे.

हायब्रीड मोटारगाडीतही अशीच वीज बदलणारी पेटी असते. २०१४ साली टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस गाड्या परत बोलावल्या, कारण त्या पेटीतले भाग जादा तापून निकामी होण्याचा धोका होता. तिथे उष्णता खरी होती. नुसता सेन्सर बदलून भागले नसते, गाडीचे सॉफ्टवेअरच बदलावे लागले.

सेन्सरला बगल देऊन पंप चालवला तर चार दिवस चालेल, पण तापलेल्या पेटीला थांबवणारे कोणी उरणार नाही. ती जळाली की पाणी तर जातेच, हमीही जाते. पेटी स्वतः उघडू नये. ऊन असेतो पॅनेलकडून शेकडो व्होल्ट येत असतात आणि बंद केल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते. योजनेत ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. पडद्यावरचा दोष-क्रमांक, वेळ आणि तापमान वहीत टिपून पंप बसवणाऱ्या कंपनीला कळवावे. सकाळचा आकडा सांगितला की दुरुस्तीवाल्याचा आणि आपला वेळ वाचतो.

— ऊस विकास अधिकारी