मोतीबिंदू काढल्यानंतर पडद्यास येणारी सूज

मोतीबिंदू काढला की डोळ्याची चिंता मिटली, असा आपल्यापैकी कित्येकांचा समज असतो. कोप्पीकर रोडवरच्या पाट्या पुन्हा वाचता येऊ लागतात आणि घरात आनंदीआनंद होतो. परंतु काही थोड्या लोकांची दृष्टी महिना-दीड महिन्याने पुन्हा मंदावू लागते. डोळा सहसा लाल नसतो, दुखतही नाही. मग ‘नंबर बदलला असेल’ अथवा ‘आता वयच झाले’ असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो.

असे बसणे बरे नव्हे. डोळ्याच्या मागील पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. त्याच्यामुळे बारीक अक्षर वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो. शस्त्रक्रिया डोळ्याच्या पुढील भागात होते खरी, परंतु तिने होणाऱ्या दाहातील द्रव्ये मागे पोहोचतात, तेथील केशवाहिन्या झिरपू लागतात आणि ते पाणी पीतबिंदूत साठते. मग अक्षरे पुसट होतात, सरळ रेघ वाकडी दिसते. अमेरिकेतील डॉ. अर्व्हिन यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. १९६६ साली डॉ. गॅस व डॉ. नॉर्टन यांनी शिरेत रंग टोचून घेतलेल्या छायाचित्रांत हे पाणी फुलाच्या पाकळ्यांसारखे साठलेले दाखविले. आज ओसीटी तपासणीत सुई न टोचता सूज दिसते.

आधुनिक शस्त्रक्रियेनंतर हा त्रास शंभरांत सुमारे एक-दोघांस होतो. मधुमेही, पूर्वी डोळ्यात आतून दाह झालेले आणि शस्त्रक्रियेत भिंगामागील पापुद्रा फाटलेले, यांस धोका अधिक. दाह शमविणाऱ्या थेंबांनी बहुतेकांची सूज काही आठवड्यांत वा महिन्यांत उतरते. न उतरल्यास इंजेक्शन द्यावे लागते. फार काळ राहिलेली सूज मात्र दृष्टीस कायमची इजा करू शकते.

आपल्या कर्नाटकात डॉ. मुरिगेप्पा मोदी (निधन २००५) यांनी गावोगावी नेत्रशिबिरे भरवून असंख्य गरिबांस दृष्टी दिली. परंतु शिबिरातला रुग्ण घरी परतला की पुढची देखरेख घरच्यांकडेच येते. म्हणून सांगितलेले थेंब सांगितले तितके दिवस घालावेत. चष्मा असल्यास तो लावून, एकेक डोळा झाकून, भिंतीवरचे कॅलेंडर रोज वाचावयास सांगावे. अक्षर पुसटले तर चष्म्याच्या दुकानात न जाता प्रथम डॉक्टरांकडे जावे. आणि डोळा दुखून लाल झाला वा दृष्टी एकाएकी गेली तर त्याच दिवशी जावे. वडीलधाऱ्यांची तक्रार वेळीच ऐकली तर मिळालेली दृष्टी बहुधा टिकते.