मॉरिशसच्या वटवाघळावरचे आरोप

नोव्हेंबर-डिसेंबरात मॉरिशसमध्ये लिची पिकते आणि वटवाघळाच्या नावाने बोटे मोडणेही सुरू होते. सोनेरी-तपकिरी मानेचा, कोल्ह्यासारख्या तोंडाचा, अर्ध्या किलोच्या आसपास भरणारा हा प्राणी म्हणजे ‘टेरोपस नायजर’. त्याच्यावरच्या आरोपांत खरे थोडे, ऐकीव फार.

वटवाघूळ आंधळे असते आणि रक्त पिते, ही समजूत तर जगभर आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडातल्या. मॉरिशसचे हे वटवाघूळ डोळ्यांनी नीट पाहते, वासावर फळ हेरते. फळ दाढांखाली चिरडून रस गिळायचा आणि चोथा थुंकून टाकायचा, ही त्याची जेवणाची रीत. झाडाखाली सकाळी जे चघळलेले गोळे दिसतात, ते हेच.

‘हा उपद्रव बाहेरून आला’ हा आरोप तर उलटाच आहे. बाहेरून आली ती लिची आणि आंबा. माकडे, उंदीर, हरणे ही सगळी माणसाबरोबर बेटावर उतरली. हरणे डचांनी 1639 मध्ये जावाहून आणली. इथले मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळे.

ते जंगल सोडून बागेत का येते, याचे उत्तरही जंगलातच आहे. बेटावर चांगल्या स्थितीतले देशी जंगल दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. डोडो संपला, महाकाय कासवे संपली. मोठ्या बियांची देशी फळे खाऊन त्या बिया दूर नेणारे जे थोडे उरले, त्यांत सर्वांत मोठे हे वटवाघूळच. याची एक चुलत जात, टेरोपस सबनायजर, एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाली.

फळांचे नुकसान मात्र खोटे नाही. बागायतदाराचा संताप समजण्यासारखा आहे. कोकणातल्या आंबेवाल्याला तो वेगळा सांगायला नको. पण सगळे पाप एकट्या वटवाघळाच्या माथी मारणे बरोबर नाही. पक्षी फळे फोडतात, वारा पाडतो, उंच झाडावरची वेळेवर न उतरवलेली फळे पिकून गळतात.

मग मारून टाकली तर? हा प्रयोग सरकारने करून पाहिला. 2015 आणि 2016 च्या मोहिमांत मिळून 38 हजारांहून अधिक वटवाघळे मारली गेली. अपेक्षा होती उत्पन्न वाढण्याची. त्यानंतर आंबा-लिचीचे उत्पादन वाढले नाही, घटले. दुसरीकडे मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यात चक्रीवादळांचा तडाखा. एवढी हानी लवकर भरून येत नाही.

झाडांवर नीट ताणून बसवलेली जाळी नुकसान बरेच कमी करते, हे तिथल्या बागांत दिसून आले आहे. जाळी सैल राहिली तर वटवाघळे अडकून मरतात आणि फळही वाचत नाही. त्यासाठी झाड छाटून बुटके ठेवावे लागते. काम कष्टाचे आहे, बंदुकीइतके झटपट नाही. पण फळ वाचते ते यानेच.

2018 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘धोक्यात’ या गटात टाकले. त्याच वर्षी सरकारने आणखी 13 हजार वटवाघळे मारण्याचे ठरवले.