कॅडमियमचा मुलामा व त्याचे पर्याय

आपल्या समाजातील कित्येक बंधूंची लोखंडी सामान व यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने आहेत. धान्याच्या व्यापाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण तांदळाशी निगडित आहे.

कॅडमियम हा जस्त शुद्ध करताना हाती येणारा धातू होय. पोलादावर त्याचा पातळ मुलामा दिल्यास खाऱ्या हवेतही गंज चढत नाही व नटबोल्ट सहज आवळले जातात. म्हणून विमाने व जहाजे यांत त्याला मोठा मान मिळाला. परंतु शरीरात शिरलेले कॅडमियम मूत्रपिंडांत साठते आणि वर्षानुवर्षे निघत नाही. जपानात कामिओका खाणीचे सांडपाणी जिन्झू नदीत व तेथून भातखाचरांत गेले. तोयामा प्रांतातील शेतकरी स्त्रिया हाडांच्या असह्य वेदनांनी ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे कण्हू लागल्या. या रोगाचे मूळ कॅडमियमच, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. त्या बिचाऱ्यांनी हा धातू कधी हाताळलाही नव्हता. तो त्यांच्या घरच्या भातातून आला.

युरोपीय समुदायाने १९९१ साली शेती व अन्नप्रक्रिया यांच्या यंत्रांवर हा मुलामा देण्यास मनाई केली. विमाने, खाणी व अणुऊर्जा यांना सूट ठेवली. आपल्या देशातील ई-कचरा नियमांनी विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील कोणत्याही एकजिनसी पदार्थात कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम, ठरविली आहे. विषारी अवशेषांची विल्हेवाट किती दुष्कर असते, हे भोपाळकरांस सांगावयास नको. १९८४ च्या वायुकांडाच्या कारखान्यातील साठविलेला कचरा पीथमपुरास नेऊन जाळीपर्यंत २०२५ साल उजाडले.

पर्याय आहेत. साध्या कामास जस्ताचा मुलामा पुरतो. अधिक टिकाऊपणा हवा तेथे बारा ते पंधरा टक्के निकेल असलेला जस्त-निकेलचा थर देतात. विमानांच्या भागांवर ॲल्युमिनियमही चढवितात. कथिलाचा गुण तर आपल्या गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकतेच.

पिवळी झाक पाहून मात्र निर्णय करू नये. जस्तावरही तशीच झाक आणता येते, व नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. यास्तव चाळणयंत्र वा त्याचे सुटे भाग घेताना मुलामा कोणत्या धातूचा, हे बिलावर लिहून मागावे. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहेच. तेव्हा विकणाऱ्या बंधूंनीही ते न मागता लिहून द्यावे.