बाजारभावाची भाषा एक असावी

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या काळ्या जमिनीत पिकणारे सोयाबीन येथील बाजार समितीच्या आवारात विक्रीस येते. दिवसाचे व्यवहार आटोपले म्हणजे आवक किती झाली, किमान, कमाल व सर्वसाधारण दर काय निघाला, ही माहिती कृषी पणन मंडळाच्या पत्रकात प्रसिद्ध होते आणि शेतकऱ्याला ती घरबसल्या मोबाईलवर वाचता येते. पूर्वी परगावचा भाव कळण्यास आठवडी बाजाराची वाट पाहावी लागे. त्या मानाने ही सोय मोठी आहे यात शंका नाही.

परंतु या पत्रकातील ‘जात व प्रत’ हा रकाना काळजीपूर्वक पाहिल्यास एक अडचण ध्यानात येते. ताडकळसचे सोयाबीन तेथे बहुधा ‘नं. १’ म्हणून नोंदलेले असते. लातूर व अकोला येथील माल ‘पिवळा’ असतो, तर हिंगोली, अमरावती व नागपूर येथील माल ‘लोकल’ असतो. एका ठिकाणी प्रत सांगितली, दुसऱ्या ठिकाणी रंग सांगितला, तिसऱ्या ठिकाणी केवळ स्थानिक असल्याचे सांगितले. मालात ओलावा किती होता आणि काडीकचरा किती होता, हे मात्र या शब्दांवरून कळत नाही.

नावातील फरकाने होणारे नुकसान

यात शेतकऱ्याचे नुकसान कसे होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका बाजारात सोयाबीनचा दर क्विंटलला ४,५०० रुपये आहे व दुसऱ्या बाजारात ४,४०० रुपये आहे. वरवर पाहता पहिला बाजार चांगला वाटेल. परंतु पहिल्या बाजारातील माल १२ टक्के ओलाव्याचा आणि दुसऱ्यातील १५ टक्के ओलाव्याचा असेल तर हिशेब उलटतो. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८५ किलो असतो, तर १२ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये तो ८८ किलो असतो. त्या प्रमाणात ४,४०० रुपयांचा दर १२ टक्के ओलाव्याच्या मालास सुमारे ४,५५५ रुपये पडतो. म्हणजे कमी दिसणारा दरच वस्तुतः अधिक आहे. ज्याच्याजवळ ही माहिती आहे तो व्यापारी योग्य निर्णय घेतो. ज्याच्याजवळ केवळ भावाचा आकडा आहे तो शेतकरी गाडीभाडे भरून चुकीच्या बाजारात जातो.

वजनमापांचा धडा

अशी अडचण आपल्या देशाने पूर्वी एकदा दूर केली आहे. मण हा शब्द सर्वत्र एकच होता, पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक होता. मराठवाड्यात पल्ला, मण व शेर ही मापे चालत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे ठरविण्यात आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ मध्ये वजनांच्या बाबतीत सक्तीची झाली. आज ताडकळसचा क्विंटल व लातूरचा क्विंटल यांत फरक नाही. किलो हा कोणा एका अडत्याचा वा कारखानदाराचा नाही. तो सर्वांचा आहे, आणि त्याची व्याख्या सर्वांस पाहता येते.

संगणकावरून होणाऱ्या व्यापाराची गरजही अशाच एका मापाची आहे. येथे वजन धान्याचे नसून माहितीचे असते, एवढाच फरक.

खुले प्रमाण म्हणजे काय?

एका संगणकाने पाठविलेली सौदापट्टी, बिल किंवा गोदामाची पावती दुसऱ्या संगणकास अचूक वाचता यावी, यासाठी कोणता मजकूर कोठे व कोणत्या नावाने लिहावयाचा, हे आधी ठरवावे लागते. या ठरावास प्रमाण म्हणतात. तो सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला असेल, त्याच्या वापरासाठी कोणास मोबदला द्यावा लागत नसेल आणि त्यात बदल करताना सर्व संबंधितांचे म्हणणे ऐकले जात असेल, तर ते प्रमाण खुले होय.

जगात अशी कामे बरीच झाली आहेत. जकातीसाठी मालाचे वर्गीकरण करणारी सांकेतिक क्रमांकांची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तीत सोयाबीनचा क्रमांक १२०१ आहे. मुंबईच्या बंदरात आणि युरोपातील बंदरात तो एकच राहतो. बिले, मागणीपत्रे इत्यादी कागदपत्रांसाठी ‘युनिव्हर्सल बिझनेस लँग्वेज’ हा नमुना २००४ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध झाला, व २०१५ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये शासकीय संगणकीय कामासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले. मोठ्या व्यापाऱ्यांसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेले ई-बिलही सर्वांस एकाच ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते.

प्रमाण खुले नसल्यास काय होते? एखादा खरेदीदार स्वतःच्या यंत्रणेत स्वतःच्या प्रती ठरवितो. त्याची ‘अ’ प्रत दुसऱ्याच्या ‘अ’ प्रतीशी जुळत नाही. शेतकऱ्याची मागील हंगामाची नोंद त्याच यंत्रणेत अडकून राहते, व दुसऱ्याकडे माल नेताना ती उपयोगी पडत नाही. खासगी वजनाने माल मोजून घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

शेतमालाच्या बाबतीत प्रगती

१४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नाम ही योजना २१ बाजारांत सुरू झाली, व मे २०२० मध्ये तीत १,००० बाजारांचा समावेश पूर्ण झाला. दूरच्या खरेदीदारास माल न पाहता बोली लावता यावी, म्हणून या योजनेत प्रत्येक शेतमालाचे गुणनिकष ठरविण्यात आले. २०१७ मध्ये गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावत्याही सुरू झाल्या. अशा पावतीवर मालाचा प्रकार, वजन व प्रत यांची नोंद असते, आणि तिच्या तारणावर बँकेस कर्ज देता येते.

तथापि केवळ नियम ठरवून काम भागत नाही. आवारात ओलावामापक यंत्र असले पाहिजे, ते वेळोवेळी तपासले गेले पाहिजे, आणि आवकेच्या गर्दीतही प्रत्येक ढिगाचा नमुना काढला गेला पाहिजे. यंत्रात चुकीची नोंद गेली तर उत्तम प्रमाणही ती चूकच दूरवर पोहोचवील.

शेतकऱ्यांनी काय करावे?

सोयाबीन नीट वाळवून, चाळून व एकाच वाणाचे वेगळे ठेवून बाजारात आणावे. हमीभावाच्या खरेदीसाठी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या खरीप हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. सौद्यापूर्वी ओलावा आपल्यासमक्ष मोजून घ्यावा व त्याचा आकडा पट्टीवर लिहून मागावा. निरनिराळ्या बाजारांचे भाव पाहताना केवळ दर न पाहता तो कोणत्या प्रतीच्या मालाचा आहे, याची चौकशी करावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व विविध कार्यकारी सोसायट्यांनी आपल्या नोंदी सरकारी निकषांच्याच नावांनी ठेवाव्यात, म्हणजे त्या कोणत्याही खरेदीदारास दाखविता येतील.

बाजार समितीच्या सभेत जात व प्रतीच्या नोंदीचा प्रश्न आग्रहाने मांडणे हेही शेतकऱ्यांचेच काम आहे. प्रमाण ठरविताना ज्यांचा आवाज असतो, त्यांचीच सोय त्यात पाहिली जाते. ताडकळसच्या ‘नं. १’ चा अर्थ नागपूरच्या खरेदीदारासही तितकाच स्पष्ट कळेल, त्या दिवशी येथील शेतकऱ्याच्या चोख मालास चोख भाव मागता येईल.